आधी पोटोबा, मग मॅस्लो

सर्वसाधारण माणसाची पोटापाण्याची गरज ८५ टक्के भागलेली असते, सुरक्षिततेची ७० टक्के, प्रेमाची ५० टक्के, मानाची ४० टक्के आणि आपल्यात जे काही आहे ते फुलवण्याची जेमतेम १० टक्के. हे आकडे माझे नाहीत. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली माणसाच्या प्रेरणांवर जो निबंध लिहिला, त्यात ते दिले आहेत. आकडे उदाहरणापुरते मनाने घेतलेत, हेही त्याने तिथल्या तिथे लिहून टाकलं आहे. तरी आकडा दिसला की आपला हात बेरजेकडे वळतोच. बेरीज केली. ५०० पैकी २५५, म्हणजे ५१ टक्के. सेकंड क्लास. फक्त शेवटच्या विषयात नापास, म्हणून एटीकेटी.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची गुणपत्रिका अशीच आहे. घर झालं, घराचे हप्ते फिटले, मेडिक्लेम आहे, मुलं मार्गाला लागली, लग्नाच्या पत्रिकेत ‘आपले विनम्र’ खाली नाव छापून येतं. राहिलेला विषय तेवढा दर वर्षी पुढे ढकलला जातो. आमच्या एका काकांनी चाळिशीत पेटी घेतली होती. शिकायची रिटायर झाल्यावर. मधली सगळी वर्षं ती कपाटावर जुन्या चादरीत बांधलेली होती आणि घरी कोणी गाणारं माणूस आलं की काका वर बोट दाखवून म्हणायचे, “पेटी आहे हो आपल्याकडे.” निरोप समारंभानंतर आठवडाभरात त्यांनी ती खाली उतरवली, तर भाता उंदरांनी कुरतडलेला. काका दोन दिवस हळहळले. पण त्या हळहळीत दुःखापेक्षा सुटका जास्त होती, असं काकूंचं मत आहे, आणि काकूंनी काकांना जितकं पाहिलंय तितकं कोणत्याच शास्त्राने पाहिलेलं नाही.

मॅस्लोला काका भेटले असते तर त्याने ओळखले असते. आपल्या हातून काहीतरी चांगलं होऊ शकेल याचीच माणसाला भीती वाटते, असं त्याने उतारवयात लिहिलं आणि त्या भीतीला बायबलमधल्या जोनाचं नाव दिलं. देवाने जोनाला एका शहरी जाऊन चार खडे बोल सुनवायला सांगितलं होतं. तर हा गृहस्थ बंदरावर गेला आणि नेमका उलट्या दिशेच्या जहाजात बसला. पुढे वादळ, मासा वगैरे सगळं झालं. आपल्याकडे समुद्र लागत नाही. कपाटाचा वरचा भाग पुरतो.

मॅस्लो जन्मला ब्रुकलिनमध्ये, १९०८ च्या १ एप्रिलला. आईवडील रशियाच्या साम्राज्यातून आलेले ज्यू, वडील पिंपं बनवणारे, सात भावंडांत हा थोरला. दिसायला आपण वाईट आहोत अशी त्याची खात्री होती, मित्र नव्हते, म्हणून तो ग्रंथालयात बसायचा. आईशी त्याचं जन्मात पटलं नाही. ती खाण्याच्या शीतपेटीला कुलूप लावायची, असं त्याच्या चरित्रात येतं. पुढे माणसाच्या गरजांमध्ये भुकेला पहिला नंबर देणाऱ्याच्या लहानपणी स्वयंपाकघरात कुलूप होतं, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. आमच्याकडेही दिवाळीच्या फराळाचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर असत. पण त्यातून आम्हा भावंडांपैकी कोणी सिद्धान्त काढला नाही, फक्त स्टूल काढलं.

पीएच.डी. त्याने केली माकडांवर, विस्कॉन्सिन विद्यापीठात, हॅरी हार्लोच्या हाताखाली. चांगल्या माणसांच्या अभ्यासाकडे तो वळला तो मात्र अगदी आपल्या वाटेल अशा कारणाने. त्याचे दोन गुरू होते, मॅक्स वर्थायमर आणि रूथ बेनेडिक्ट. दोघांवर त्याची भक्ती. ही माणसं इतरांसारखी का नाहीत, हे त्याला कळेना. आपल्याकडे अशा वेळी अमृतमहोत्सवी सत्कार समिती स्थापन होते, गौरवग्रंथ निघतो, शाल आणि श्रीफळ येतं, आणि प्रश्न तिथेच मिटतो. मॅस्लोने वही घातली. १९४५ पासून तो त्या वहीत टिपणं काढायला लागला: चांगला माणूस कसा असतो, काय बोलतो, कशावर हसतो, कशावर चिडतो. ज्या आत्मसिद्धीवर, म्हणजे आपल्यात जे आहे ते फुलवण्यावर, आज व्यवस्थापनाच्या वर्गांत परीक्षेला दहा मार्कांचा प्रश्न येतो, तिचा उगम दोन शिक्षकांवर जीव जडलेल्या एका विद्यार्थ्यात आहे.

मग त्याने अशी माणसं शोधायला घेतली. ३००० कॉलेजविद्यार्थी चाळले. हाती लागला एक. आणखी डझन-दोन डझन पुढेमागे निघतील असे. यावरून त्याने ठरवलं की हा प्रकार कोवळ्या वयात होत नाही, आणि तो मोठ्या नावांकडे वळला: शेवटच्या वर्षांतला लिंकन, जेफरसन, आइनस्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट. शास्त्र म्हणून हे फार कच्चं आहे. आधी आपल्याला आवडणारी माणसं निवडायची, त्यांच्यातले गुण काढायचे, आणि मग म्हणायचं की पूर्णत्वाला पोचलेल्या माणसात हे गुण आढळतात. वधूवर सूचक मंडळही याहून जास्त चौकशी करतं. पण मॅस्लोचं एक मला मनापासून आवडतं. या थोर मंडळींच्या खोडीही त्याने लिहून ठेवल्या आहेत. ही माणसं हट्टी असतात, तंद्रीत असतात, कधी कधी चक्क कंटाळवाणी होतात, मध्येच भडकतात, काहींना आपल्या कामाचा गर्व असतो. हे वाचल्यावर मला आमच्या आजोबांबद्दल नव्याने आदर वाटू लागला. त्यांच्यात हे सगळं होतं. बाकीचे गुण आजीने शोधले असते तर सापडले असते.

आता तो त्रिकोण. पाच थरांचा, खाली भूक, वर आत्मसिद्धी. शाळेच्या पुस्तकापासून मॅनेजमेंटच्या गाइडपर्यंत सगळीकडे मॅस्लोच्या नावाने छापलेला असतो, आणि तो मॅस्लोने काढलेला नाही. त्याच्या १९४३ च्या निबंधात नाही, १९५४ च्या पुस्तकातही नाही. टॉड ब्रिजमन, स्टीफन कमिंग्ज आणि जॉन बॅलर्ड या तिघांनी जुनी मासिकं उपसून २०१९ मध्ये दाखवून दिलं की असा त्रिकोण पहिल्यांदा सापडतो तो १९६० मध्ये, चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या लेखात. लेखाचं नाव काय? ‘पैसा माणसाला प्रेरणा कशी देतो’. म्हणजे शिखरावर आत्मसिद्धी बसवली खरी, पण इमारत बांधली पैशाच्या चौकशीसाठी.

आणि मॅस्लो काय म्हणत होता? त्याच निबंधात त्याने लिहिलंय की हा क्रम वाटतो तितका पक्का नाही. काहींना प्रेमापेक्षा मान मोठा वाटतो, काही कलावंत उपाशीपोटी कलेला चिकटून राहतात, काही तत्त्वासाठी जीव देतात. एक गरज पूर्ण शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी उगवत नाही असंही नाही. सगळ्याच अर्ध्यामुर्ध्या भागलेल्या असतात, म्हणून तर ते टक्के. ही सगळी लवचीकता त्रिकोणात बसली नाही. त्रिकोण मात्र एका स्लाइडवर बसला.

ती स्लाइड मी नोकरीत असताना एका प्रशिक्षणात पाहिली. दुपारच्या जेवणात श्रीखंड-पुरी होती आणि आत्मसिद्धी होती अडीच वाजता. पंखा आणि प्रोजेक्टर एका सुरात गुणगुणत होते. पहिल्या थराची गरज इतकी भरघोस भागली होती की दुसऱ्या थरावर जाण्याची कोणाची तयारी नव्हती. मागच्या दोन ओळी तर झोपेच्या रूपाने पहिल्याच थरात परत उतरल्या होत्या. सरांनी हुशारीने प्रश्न टाकला, “तुम्ही आत्ता कोणत्या पायरीवर आहात, प्रत्येकाने सांगा.” आमच्यातले एक जुने हेडक्लार्क उठले आणि म्हणाले, “सर, बदल्यांची यादी लागली की सांगतो.” इतकं अचूक उत्तर मी पुढे कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. एकाने उठून हे सगळं आपल्या पुरुषार्थांत केव्हाच सांगून ठेवलंय असंही ऐकवलं. धर्म, अर्थ, काम, मोक्ष. असा एक जण प्रत्येक प्रशिक्षणात असतो आणि प्रवासभत्त्याचा फॉर्म सगळ्यात आधी भरून मोकळा होतो तोही तोच.

त्या दिवशी स्लाइडवर फ्रेडरिक हर्झबर्ग हा दुसरा मानसशास्त्रज्ञही येऊन गेला, पण तोपर्यंत चार वाजत आले होते. माझ्या मते ऑफिसात काम केलेल्या माणसाला मॅस्लोपेक्षा हर्झबर्ग लवकर कळतो. त्याने पिट्सबर्गच्या आसपासच्या २०० च्या घरातल्या इंजिनिअर आणि हिशेबनिसांना विचारलं: कामात फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? १९५९ साली त्याचं पुस्तक आलं. सार असं की वाईट वाटायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि बरं वाटायला लावणाऱ्या वेगळ्या. पगार, पंखा, साहेबाचा स्वभाव, नियम हे बिघडलं की माणूस कुरकुरतो. सुधारलं की कुरकुर थांबते, एवढंच. काम मनापासून होतं ते कामातच काही असेल तर. कँटीनचा चहा वाईट असला की युनियनचं पत्र जातं. चांगला असला म्हणून आजवर कोणी चार फायली जास्त काढल्याचं मला आठवत नाही.

मॅस्लोला स्वतःला हे कारखान्यातलं प्रकरण थोडं धास्तीचंच वाटत होतं. माझा विचार मानसोपचाराच्या खोलीतून आलाय, तो उद्योगाला जसाच्या तसा लागू पडतो याची मला अजून खात्री नाही, अशा अर्थाचं त्याने १९६० च्या दशकात लिहून ठेवलं. १९६७ मध्ये त्याला हृदयविकाराचा मोठा झटका आला. वाचला, आणि पुढच्या दिवसांना तो आपलं मरणोत्तर आयुष्य म्हणायचा. सगळंच वरकड मिळाल्यासारखं. त्या काळात त्याने आत्मसिद्धीच्याही वर एक मजला चढवला: स्वतःच्या पलीकडे जाणं, ‘मी’ बाजूला ठेवता येणं. १९७० च्या जूनमध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात सावकाश पळता पळता तो गेला. वरचा मजला त्रिकोणवाल्यांना कळवायचा राहून गेला. अजूनही बहुतेक पुस्तकांत पाचच थर आहेत.

आपल्याला या पाच थरांचं फारसं नवल वाटलं नाही याचं कारण उघड आहे. आधी पोटोबा, मग विठोबा हे आपण मॅस्लोच्या कितीतरी आधीपासून म्हणतो, तेही चार शब्दांत आणि आकृतीशिवाय. गंमत अशी की ज्या विठोबाला आपण म्हणीत दुसरा नंबर दिला, त्याच्याकडे जाताना लोक हा क्रम उलटा करतात. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते ती बहुतेक वर्षी एकादशीच्याच दिवशी. म्हणजे वाटेतली सगळ्यात लांब चाल, डोक्यावर कधी ऊन तर कधी पाऊस, आणि पोटात साबुदाणा नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. रात्री कोणाच्या तरी अंगणात, शाळेच्या ओट्यावर, राहुटीत झोपायचं. थर पहिला: डळमळीत. थर दुसरा: पावसाच्या हवाली. त्रिकोणाच्या हिशेबाने या माणसाने आता ओल्या धोतराची आणि पायाच्या फोडांची काळजी करत बसायला हवं. तो नाचत असतो. टाळ वाजवत असतो.

यात भाबडेपणा मात्र नको. वारकरी जेवणाला विसरलेला नसतो. पुढच्या मुक्कामी कोणाच्या दिंडीत पिठलं आहे आणि कुठे आमटी पातळ असते, याची खडान्‌खडा माहिती त्याला असते, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हणही आपणच जन्माला घातलेली आहे. पोट आहेच. ते फक्त रांगेत पहिलं उभं नसतं. ज्या माणसांची आयुष्यभर पहिल्या दोन थरांवर ओढाताण झाली, अशीच पुष्कळ माणसं त्या वाटेवर असतात. आधी सगळं भागू दे आणि मग वारीला जाऊ, असं म्हणाली असती तर ती कधीच निघाली नसती. व्हिएन्नाचा डॉक्टर व्हिक्टर फ्रँकल नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतला आणि १९४६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. भाकरीच्या तुकड्यासाठी जीव टांगणीला लागलेल्या जागी, तो तुकडा दुसऱ्याला देऊन टाकणारी माणसं त्याने पाहिली होती. थोडी होती, पण होती.

खुद्द मॅस्लोनेही असं काहीसं पाहिलं होतं. १९३८ च्या उन्हाळ्यात तो कॅनडातल्या अल्बर्टामध्ये, सिक्सिका या ब्लॅकफूट जमातीत काही आठवडे राहिला. तिथे श्रीमंत कोणाला म्हणायचं, तर ज्याने सगळ्यात जास्त वाटून टाकलं त्याला. वर्षभर कमवायचं आणि समारंभात सगळ्यांदेखत देऊन मोकळं व्हायचं. अन्नदानाच्या पंगतीत वाढपी म्हणून कमरेला पंचा खोचून धावणारे आपले घाऊक व्यापारी पाहिले असते तर तो चक्रावला नसता. त्यांचा एरवीचा धंद्यातला हिशेब पाहून चक्रावला असता, ते सोडा.

धंद्यावरून आठवलं. ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हा विषय नसेल तर आपलं कोणतंही स्नेहसंमेलन पूर्ण होत नाही, आणि उत्तर नेहमी एकच असतं: आपल्या संस्कारांत ते नाही. या उत्तराची परीक्षा डेव्हिड मॅक्लेलंड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने आंध्रातल्या काकिनाड्यात घेतली होती, १९६० च्या दशकात. तिथल्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत थोड्या दिवसांचं शिक्षण दिलं: स्वतःसाठी बेताचं पण खरं ध्येय कसं ठरवायचं, ते कुठवर आलं हे कसं मोजायचं. न शिकलेल्यांपेक्षा शिकलेल्यांनी पुढे धंद्यात जास्त हालचाल केली. टिळा, पूजा, जुनी श्रद्धा यांपैकी काहीही आड आलं नाही. मॅक्लेलंड खुंटीवर कड्या टाकण्याचा एक खेळही खेळायला द्यायचा. किती लांब उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण खुंटीला खेटून उभे राहतात, काही इतके लांब की पडली तर नशीब आणि नाही पडली तर कोण काय बोलणार. ज्याला खरंच काही करून दाखवायचंय तो मधलं अंतर घेतो, चुकेलही आणि जमेलही असं. पेटीवाले काका लांब उभे होते. इतके, की कडी हातातून सुटलीच नाही.

असं असताना माणूस कामाला लागतो कशाने, हे बघायचं असेल तर गणपतीच्या आधीची रात्र निवडावी. घरात पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारा मुलगा मंडळाच्या मांडवात रात्री दोन वाजता बांबूवर चढलेला असतो. तोंडात सुतळी, हातात पक्कड, खाली उभे असलेले चार जण एकाच वेळी चार वेगळ्या सूचना देतायत. पगार नाही, ओव्हरटाइम नाही, मिळाला तर वडापाव, तोही गार. आईने विचारलं, “अरे, घरचे माळे कधी झाडणार?” तर उत्तर येतं, “वेळच मिळत नाही.” या मुलाला आळशी म्हणणाऱ्याने त्याला चुकीच्या जागी पाहिलेलं आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय की माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते: आपलं आपण ठरवता येणं, हातात कसब असल्याची जाणीव, आणि चार आपली माणसं. मांडवात तिन्ही आहेत. घरच्या माळ्यावर एकही नाही. कसं झाडायचं तेही आईच ठरवते, झाडल्यावर कोपरा राहिलाच असं निघतं, आणि सोबतीला झुरळं.

डेसीने सुरुवात केली १९६९ मध्ये, विद्यार्थी असताना, एका कोड्यापासून. तुकडे जोडून वेगवेगळे आकार करायचे, सोमा नावाचं ते कोडं. कॉलेजच्या मुलांना ते इतकं आवडायचं की फुकट सोडवत बसायची. मग एका गटाला दर आकाराला एक डॉलर दिला, पुढच्या खेपेला तो बंद केला. मध्ये काही निमित्त काढून डेसी आठ मिनिटं बाहेर जायचा आणि आरशाच्या काचेआडून बघायचा, एकटी असताना ही मुलं काय करतात. टेबलावर मासिकंही ठेवलेली असत, त्यात ‘प्लेबॉय’सुद्धा, म्हणजे मोहाची तजवीज पुरी होती. ज्यांनी डॉलर घेतले होते त्यांचं कोड्यातलं मन उडालं. हार्लोच्या माकडांनी हे वीस वर्षं आधीच दाखवलं होतं. कडी-कोयंड्याचं कोडं ती नुसत्या मजेखातर सोडवायची; मनुका ठेवायला सुरुवात केल्यावर जास्त चुकायला लागली.

आमच्या सोसायटीत हा प्रयोग विनाखर्च झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी रोज दूधवाला यायच्या आधी दारात रांगोळी काढत. गेरूचा बोळा फिरवायचा, ठिपक्यांचा कागद कधीच नाही, नजरेने सात-सात ठिपके ओळीत पडायचे, आणि चिमटीतून एकसारखी रेघ सुटत जायची. मध्येच चुकलं तर तिथेच पान नाहीतर पाकळी करून टाकायच्या. आम्ही चपला काढून बाजूने जायचो. मग एका वर्षी कार्यकारिणीने दिवाळीत रांगोळी स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस पाच लिटरचा कुकर. मावशींना चारचौघींनी आग्रह केला. परीक्षकांना सामाजिक संदेश आवडतो हेही कोणीतरी सांगितलं. तेव्हा मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर आधी चित्र काढलं: पृथ्वी, तिच्यावर रोप, खाली पाणी वाचवण्याचं आवाहन. पाण्याचा थेंब वांग्यासारखा आला. कुकर दुसऱ्या विंगमध्ये गेला, मावशींना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलची डिश. त्यानंतर त्यांच्या दारात प्लास्टिकची चिकटवायची रांगोळी दिसायला लागली. विचारलं तर म्हणायच्या, “गुडघे धरतात गं.”

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत नेमकं हेच केलं होतं. रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा टेबलावर ठेवली. प्रशस्तिपत्र ठरवून मिळवलेली मुलं बाकीच्यांच्या निम्मा वेळच चित्रं काढत होती. न सांगता मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

मावशींच्या गुडघ्यांचं पुढे असं झालं की दुसऱ्या वर्षी वर्गणीच्या हिशेबावरून दोन विंगांमध्ये जुंपली, स्पर्धा बंद पडली, आणि चैत्रात त्यांच्या दारात चैत्रांगण उमटलं. थेट उंबऱ्यापासून लिफ्टपर्यंत. गुडघे धरत होतेच, म्हणून खाली पाट घेतला होता.

यावरून कोणी असं समजू नये की बक्षीस, पगार, बोनस सगळं वाईट. जे काम कोणालाच मनातून करायचं नसतं, तिथे पैसा चोख काम करतो. जी आवड मुळात नाही ती मरणार कुठून? आणि डेसीलाच आणखी एक आढळलं होतं: पैशाने जी आवड आटली, ती मनापासून दिलेल्या शाबासकीने वाढली. तेव्हा तुम्ही सोसायटीच्या कार्यकारिणीत असाल तर एक विनंती आहे. कोणाच्या दारातली रांगोळी आवडली तर दोन मिनिटं थांबून तसं सांगा. यंदाचा कुकर मात्र रद्द करा आणि ते पैसे पाण्याची टाकी धुणाऱ्या माणसाला वाढवून द्या. टाकीत हौसेने कोणी उतरत नाही.